टाकीपासून सिलिंडरपर्यंत

लखनौहून हरदोईच्या रस्त्याने काकोरी मागे टाकून पुढे गेले म्हणजे सुमारे पंचवीस किलोमीटरवर मलिहाबाद येते, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे, रस्त्याच्या दोन्ही अंगांना, दशहरी आंब्याच्या बागा दूरवर पसरलेल्या दिसतात. कोकणचा हापूस बाजारातून उठतो आणि वाशीच्या घाऊक बाजारात उत्तरेकडचा आंबा उतरू लागतो, त्या जूनच्या आरंभापासून जुलैच्या मध्यापर्यंतच्या काही आठवड्यांत या मुलखातील प्रत्येक चाक फिरत असते. एरवी कुणी ढुंकूनही पाहणार नाही अशा जुन्या जीपा, टेम्पो आणि ट्रॅक्टर बागेतून मंडीपर्यंत पेट्या पोहोचविण्यासाठी रात्रंदिवस राबतात. हंगाम सरला की त्यांपैकी जी वाहने केवळ बागेच्या कामापुरती ठेवलेली असतात, ती झाडाखाली किंवा पत्र्याच्या छपराखाली जी उभी राहतात ती पुढल्या मोहरापर्यंत, कित्येकदा पुढल्या तोडणीपर्यंतही, जागची हलत नाहीत. दिल्लीच्या परिसरात वाहनांच्या वयासंबंधी जे कडक निर्बंध आले, त्यांच्या कक्षेत लखनौ जिल्हा येत नसल्यामुळे अशी वयस्क वाहने येथे अद्याप टिकून आहेत.

अशा वाहनाची गरज पडते तेव्हा ते बहुधा चालू होत नाही. सेल्फ मारला की इंजिन फिरते, एखाद-दोन वेळा उचकी दिल्यासारखे करते आणि पुन्हा मुके होते. मग बॅटरी बदलली जाते, प्लग बदलले जातात, कुणी नवा पंप आणतो, कुणी कार्बोरेटर खोलून पसरून ठेवतो, आणि चार दिवसांच्या खर्चानंतर गाडी चालू झालीच तर ती नेमक्या कोणत्या उपायाने झाली हे कुणालाच सांगता येत नाही. माझे मत असे आहे की जुन्या वाहनाच्या बाबतीत सुटे भाग बदलणे ही तपासाची शेवटची पायरी असावी, पहिली नव्हे. इंधनाला टाकीपासून सिलिंडरपर्यंत एकच मार्ग आहे. त्या मार्गावर ते कुठपर्यंत पोहोचले आणि कुठे अडले, एवढ्या एका प्रश्नाचा निकाल पद्धतशीर लावला, तर दोष आपोआप कोंडीत सापडतो, आणि त्याची दुरुस्ती पुष्कळदा एका वॉशरच्या किंवा वीतभर रबरी नळीच्या किमतीत होते.

वाहनाची झीज चालण्याने होते ही समजूत अर्धीच खरी आहे. इंधनाच्या मार्गापुरते बोलायचे तर उभे राहणे हे चालण्यापेक्षा अधिक घातक ठरते. पेट्रोल हा एकच एक पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे, आणि त्यातील अतिशय हलके घटक ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागतात. थंड इंजिन पेटवायला नेमके हेच हलके घटक उपयोगी पडतात, आणि गाडी उभी असता सर्वांत आधी निघून जातात तेही हेच. कारण कार्बोरेटरच्या वाटीला हवेशी संबंध राखणारे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते, व त्या वाटेने काही आठवड्यांत वाटी कोरडी पडते. मागे जे जड अवशेष उरतात त्यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन तपकिरी, चिकट राळ तयार होते, आणि ती जेटच्या बारीक छिद्रात, सुईच्या टोकावर, पंपाच्या झडपांवर बसते. टाकी अर्धी रिकामी असेल तर रिकाम्या भागातील दमट हवेतले पाणी रात्रीच्या गारव्याने पत्र्यावर थेंबरूपाने साकळून तळाशी जमते, पत्र्याला गंज चढतो, आणि गाडी पहिल्यांदा हलली की तो गंज सुटून नळीच्या तोंडाशी येतो.

यात अलीकडे इथेनॉलची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची शासकीय योजना २००३ साली काही राज्यांत ५ टक्क्यांपासून सुरू झाली आणि आज ते प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले आहे. उसाच्या आधारावर उभ्या असलेल्या उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांचा त्यात मोठा वाटा आहे. योजनेच्या आर्थिक गुणावगुणांची चर्चा येथे प्रस्तुत नाही, परंतु जुन्या गाडीच्या मालकाने तीन गोष्टी ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि शोषलेले पाणी ठरावीक मर्यादेबाहेर गेले की ते व इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून विभक्त होतात व टाकीच्या तळाशी बसतात, जिथून नळी इंधन उचलते. इथेनॉल जुन्या प्रकारचे रबर फुगवते आणि मऊ करते, आणि जुन्या टाकीतील वर्षानुवर्षांचा गाळ सुटा करून पुढे लोटते. शिवाय एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलोच पुरते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने जेट बसविलेला जुना कार्बोरेटर मिश्रण किंचित विरळ देतो आणि गार इंजिन पेटायला अधिक कष्ट पडतात.

इंधनावर आरोप ठेवण्यापूर्वी ते निर्दोष नाही याची खात्री मात्र करून घ्यावी. इंजिन पेटण्यासाठी योग्य मिश्रण, योग्य वेळी ठिणगी आणि पुरेसा दाब या तिन्हींचा योग लागतो. इंजिन थोडा वेळ फिरवून एक प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल आणि त्याला पेट्रोलचा वासही येत नसेल, तर इंधन सिलिंडरपर्यंत आलेच नाही हे सिद्ध झाले. तो ओलाचिंब असेल तर इंधन आले आहे, कदाचित गरजेपेक्षा जास्त आले आहे, आणि मग ठिणगीची चौकशी आधी करावी. दुसरी खूण याहून सोपी. एअर फिल्टर काढून, इंजिन न फिरवता, कार्बोरेटरच्या घशात पाहत अ‍ॅक्सिलरेटरची कळ हाताने झटकन ओढावी. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर वाटीत पेट्रोल आहे. न उडाली तर बहुधा वाटी रिकामी आहे, आणि तपास कार्बोरेटरच्या मागे, पंपाकडे आणि टाकीकडे न्यायला हवा. ज्या जुन्या कार्बोरेटरांना अशी पिचकारी नाही, त्यांच्या वाटीचे झाकण उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

येथून पुढे पेट्रोल उघड्यावर येते, म्हणून बंदोबस्ताचे दोन शब्द. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते, आणि शून्याखाली ४० अंशांच्या सुमारासही पेट घेण्याइतकी वाफ पेट्रोल देत असते. काम मोकळ्या जागी करावे, कॉइलची मुख्य वायर काढून ठेवावी, आसपास विडी-सिगारेट असू नये, वाळूची बादली किंवा कोरड्या पावडरचा अग्निशामक हाताशी असावा. इंजिन फिरत असताना कार्बोरेटरच्या घशात वरून पेट्रोल ओतण्याची पुष्कळ गॅरेजांतली चाल मला भयंकर वाटते. इंजिनाने उलटा बार काढला की ज्वाला थेट हातातल्या बाटलीवर येते. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढण्याची सवय तितकीच वाईट. पोटात गेलेल्या घोटापेक्षा चुकून फुप्फुसात उतरलेले थोडेसे पेट्रोलही अधिक अपाय करते, आणि त्यातून होणारा न्यूमोनिया जिवावर बेतू शकतो. साध्या हातपंपाने हे काम होते.

आता मार्गाचे दोन भाग करावेत: टाकीपासून पंपापर्यंतचा आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचा. अँबॅसडर, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी किंवा जुनी पेट्रोल जीप, या सर्वांत पंप इंजिनाच्या कुशीला बसविलेला असतो आणि तो यांत्रिक असतो. गॅरेजात त्याला सर्रास एसी पंप म्हणतात. कॅमशाफ्टवरील उंचवटा एका दांडीला हलवितो, दांडी कापडी रबराचा डायफ्राम खाली ओढते, वर पोकळी होते व पेट्रोल आत येते. उंचवटा सरकला की खालची स्प्रिंग डायफ्रामला वर लोटते व पेट्रोल कार्बोरेटरकडे जाते. या स्प्रिंगचा जोर चौरस इंचाला साधारण दोन ते चार पौंडांइतकाच असतो. वाटी भरली आणि फ्लोटने सुई बंद केली, की डायफ्राम दाबाखाली तसाच खाली थांबतो आणि दांडी नुसती हलत राहते. मागणीप्रमाणे पुरवठा करण्याची ही योजना इतकी साधी आणि स्वयंपूर्ण आहे, की तिच्या योजकाविषयी आदर वाटतो.

कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून तिचे टोक बाटलीत धरावे आणि सेल्फ मारावा. पेट्रोल ठोक्याठोक्याने, जोराने आले तर टाकी, नळी आणि पंप तिघेही सुटले, दोष कार्बोरेटरमध्ये. पेट्रोल आलेच नाही, किंवा फेसाळ, अडखळत आले, तर पंपाची आत येणारी नळी सोडवून तिच्या जागी एक लहान स्वच्छ नळी लावावी आणि तिचे दुसरे टोक स्वच्छ पेट्रोलच्या बाटलीत बुडवावे. पंप आता बाटलीतून नीट ओढू लागला तर पंप निर्दोष आणि दोष टाकीकडचा. तरीही ओढत नसेल तर दोष पंपाचा. अर्ध्या तासाच्या या दोन परीक्षांनी मार्गाचे तीन तुकडे स्वतंत्र तपासले जातात, आणि यात एकही सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही.

मलिहाबादजवळच्या एका बागेत या परीक्षेचा जो प्रयोग मी पाहिला, तो सांगण्याजोगा आहे. जीप जुन्या घडणीची होती, महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला आरंभ केला त्या परंपरेतली. टाकी चालकाच्या आसनाखाली आणि पंपाला काचेची छोटी वाटी. मालकाने नवा पंप आणून बसविला होता, तरी गाडी दोन मिनिटे चालून बंद पडे. मिस्त्री उतारवयाचा, बोलायला मितभाषी. त्याने प्रथम बाटलीतून नळी दिली; इंजिन सुरळीत चालले. मालक म्हणाले, टाकी निम्म्याहून अधिक भरलेली आहे, नळीखाली बोट फिरवून पाहिले तर थेंबाचाही ओलावा नाही, मग दोष कुठला? मिस्त्री म्हणाला, “खाँसाहब, पंप को कुछ न कहिए, नली हवा ले रही है.” त्याने टाकीकडची मूळ नळी परत जोडली, इंजिन चालू केले, आणि अंगठ्यावर घट्ट ग्रीस घेऊन एकेक सांधा लिंपत गेला. टाकीतून येणारी तांब्याची नळी आणि पंपाकडचा रबरी तुकडा जिथे क्लिपने आवळलेला होता, त्या सांध्यावर ग्रीस बसताच इंजिनाचे अडखळणे थांबले. क्लिप सोडवून त्याने रबरी तुकडा दोन बोटांत वाकविला, तेव्हा सरळ असता अखंड दिसणाऱ्या त्या रबरावर केसासारख्या चिरांची एक रांगच उघडली. काचेच्या वाटीखालचा कॉर्कचा वॉशरही त्याने बदलायला सांगितला, कारण महिनोन्‌महिने कोरड्या पडलेल्या वाटीत कॉर्क आक्रसतो आणि त्याच्या कडेने हवा शिरते.

थेंब न गळता नळी फुटलेली असू शकते, ही गोष्ट प्रथमदर्शनी बुद्धीला पटत नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे अनेक चुकीच्या दुरुस्त्यांचे मूळ येथेच आहे. आपण म्हणतो की पंप पेट्रोल ओढतो. वस्तुतः द्रवाला ओढता येत नाही. पंप आपल्या पोटात केवळ दाब कमी करतो. टाकीतील पेट्रोलवर बाहेरच्या वातावरणाचा जो दाब असतो, तो पेट्रोलला नळीतून वर ढकलतो. म्हणजे इंजिन चालू असताना टाकी ते पंप या संपूर्ण भागात नळीच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. अशा नळीला चीर पडली तर आतले पेट्रोल बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा आत जाते. पंपाला द्रवाऐवजी हवा मिळते, आणि हवा दबते-फुगते, पुढे सरकत नाही. पंपाच्या पुढल्या भागात परिस्थिती नेमकी उलट: तेथे दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, म्हणून तिथली चीर लगेच ओली होऊन आपली कैफियत देते. गळती डोळ्यांना दिसते आणि शोषण दिसत नाही, एवढ्यामुळे पुढल्या भागाचा दोष चटकन सापडतो आणि मागल्या भागाच्या दोषापायी निरपराध पंप बदलले जातात.

हे एकदा मनात ठसले की टाकीच्या झाकणाचे महत्त्वही कळते. पेट्रोल ढकलणारी शक्ती वातावरणाची असल्यामुळे, जितके पेट्रोल बाहेर जाईल तितकी हवा टाकीत शिरलीच पाहिजे, आणि त्यासाठी झाकणात किंवा टाकीच्या वेगळ्या नळीत बारीक छिद्र असते. बागेची धूळ, कोळ्याचे जाळे, कुंभारमाशीने घातलेली माती यांनी ते बुजले, तर गाडी चालू होते, काही अंतर जाते आणि मरते. थोडा वेळ थांबले की पुन्हा चालू होते. अशा गाडीचे झाकण उघडताच आत हवा शिरल्याचा ‘सूं’ असा आवाज आला, तर दोष सापडला. बाजारातून आणलेले दुसऱ्याच गाडीचे, छिद्र नसलेले झाकण हेही याच व्याधीचे एक कारण असते. टाकीचा मार्ग तुंबला असल्याची शंका आल्यास पंपाकडची नळी सोडवून टाकीच्या दिशेने हलक्या दाबाने हवा सोडावी व टाकीत बुडबुडे ऐकू येतात का पाहावे. त्यावेळी झाकण उघडे असणे आवश्यक आहे. बुडबुडे आल्यावर पेट्रोल वाहू लागले आणि थोड्या वेळाने पुन्हा थांबले, तर टाकीतील गंज नळीच्या तोंडाशी परत येऊन बसला असे समजावे, आणि मग टाकी उतरवून धुण्यावाचून इलाज नाही.

मे-जूनमधील मलिहाबादेत, जेव्हा लू वाहते आणि पारा ४० अंशांच्या वर जातो, याच कमी दाबाच्या भागात आणखी एक उपद्रव उद्भवतो. दाब कमी झाला की द्रव अधिक सहज उकळतो. धावती गाडी थांबवून चहा घेतला, तेवढ्यात बंद इंजिनाची उष्णता पंपात व नळीत भिनते, आतले पेट्रोल वाफ होऊन बसते, आणि पंप वाफेलाच दाबत राहतो. गाडी उष्ण असता अडते आणि गार झाल्यावर बिनतक्रार चालते, ही त्याची खूण. पंपावर ओले फडके गुंडाळण्याची जी जुनी रीत महाराष्ट्रातील घाटांत फियाट चालविणाऱ्यांना परिचित होती, ती शास्त्राला धरून आहे. फडक्यातील पाणी वाफ होताना पंपाची उष्णता नेते व आतली वाफ पुन्हा द्रव होते. तापलेल्या बिडाच्या इंजिनावर मात्र थंड पाणी ओतू नये, बीड तडकण्याचा धोका असतो.

दोष पंपाचाच ठरला तर तो बहुधा डायफ्रामचा किंवा झडपांवर बसलेल्या कचऱ्याचा असतो. येथे एक इशारा महत्त्वाचा. डायफ्राम फाटला की पेट्रोल पंपाच्या अंगच्या छिद्रातून बाहेर गळते किंवा थेट इंजिनाच्या तेलात उतरते. म्हणून पंपावर संशय आला की आधी डिपस्टिक काढून वास घ्यावा. तेलाची पातळी वाढलेली आणि त्याला पेट्रोलचा वास असेल, तर तेल बदलल्याखेरीज ते इंजिन फिरवू नये; पातळ झालेल्या तेलावर बेअरिंग टिकत नाहीत, आणि तेलाच्या कुंडात साठलेली वाफ पेटण्याचा संभव असतो.

कार्बोरेटरविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तो खोलण्याची वेळ वाटते तितक्या वेळा येत नाही. वाटीत पेट्रोल असून इंजिन पेटत नसेल तर जेट तुंबलेला असतो. पद्मिनी व अँबॅसडरवर जे सोलेक्स कार्बोरेटर येत, त्यांच्या जेटवर कोरलेला आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात सांगतो. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. यावरून त्या छिद्रात तार किंवा टाचणी घालणे किती अविचाराचे, हे वेगळे सांगायला नको. ५ शतांशांच्या ओरखड्याने इंजिनाचे खाणे बदलते. जेट पेट्रोलमध्ये किंवा कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजत ठेवून हवेच्या झोताने साफ करावा. याउलट पेट्रोल ओव्हर होत असेल, तर सुईखाली कचरा अडकला आहे किंवा फ्लोटला छिद्र पडून त्यात पेट्रोल शिरले आहे. फ्लोट कानाशी हलविला की आतले पेट्रोल खळखळते. भिजलेले इंजिन पेटविताना अ‍ॅक्सिलरेटर पुन्हा पुन्हा न मारता तळापर्यंत दाबून धरावा, चोक पूर्ण उघडा ठेवावा आणि इंजिन फिरवावे, म्हणजे भरपूर हवा जाऊन जादा पेट्रोल निघून जाते.

डिझेल गाडीत मार्ग तोच, पण हवेचा अपराध अधिक गंभीर होतो. येथे फीड पंप डिझेल फिल्टरपर्यंत आणतो, तेथून ते इंजेक्शन पंपात जाते आणि शंभराहून अधिक वातावरणांच्या दाबाने नोझलमधून सिलिंडरमध्ये तुषाररूपाने उडते. द्रव दबत नाही म्हणूनच हा दाब निर्माण होतो. त्यात हवेचा बुडबुडा शिरला की पंपाचा दट्ट्या बुडबुड्यालाच दाबतो आणि सोडतो, नोझल उघडतच नाही. गाडीने एअर घेतली असे जे म्हणतात ते हेच. सर्वप्रथम इंजिन बंद करण्याची स्टॉपची तार पूर्ण आत गेली आहे ना ते पाहावे. उभ्या गाडीत ही तार गंजून अडकते आणि केवळ तेवढ्यापायी पंप खोलले गेल्याची उदाहरणे आहेत. नंतर सेल्फ मारून धुराड्याकडे पाहावे. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे पण जळत नाही, म्हणजे हीटर प्लग किंवा दाब यांची चौकशी करावी. धूर मुळीच नसेल तर डिझेल पोहोचलेलेच नाही. मग फिल्टरवरील एअर काढण्याचा स्क्रू सैल करून फीड पंपाची मूठ हाताने मारीत राहावी. प्रथम फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. स्क्रू आवळावा, हाच विधी इंजेक्शन पंपावर करावा, आणि शेवटी नोझलकडील नळ्यांचे एक-दोन नट सैल करून इंजिन फिरवावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा एअर आली तर ती काढीत बसू नये. ती कुठून येते ते शोधावे, आणि शोध पुन्हा त्याच कमी दाबाच्या भागात, टाकी ते फीड पंप, करावा. नोझलच्या तुषारासमोर हात कधीही धरू नये. तो तुषार कातडी भेदून आत जातो, जखम सुईच्या टोचणीएवढी दिसते, आणि तातडीची शस्त्रक्रिया न झाल्यास बोट गमवावे लागते.

नोझल व तिची सुई यांच्यामधील फट दोन-चार मायक्रॉनांची असते. नाशिकच्या सातपूर भागातील ज्या कारखान्यामुळे मायको सर्कल हे नाव साऱ्या शहराच्या तोंडी बसले, तेथे याच नोझल घडत आल्या आहेत, आणि इतक्या सूक्ष्म कामाला पाण्याचा एक थेंबही गंजाने निकामी करू शकतो. म्हणून डिझेल फिल्टरच्या तळाचा निचऱ्याचा स्क्रू केवळ शोभेचा नसतो. पाण्याच्या व डिझेलच्या सीमेवर बुरशी वाढते आणि तिचा काळसर बुळबुळीत थर फिल्टर तुंबवितो. असा थर दिसला तर नुसता फिल्टर बदलून भागत नाही, टाकी धुवावी लागते.

उन्हाळ्यात उभ्या केलेल्या डिझेल गाडीला मलिहाबादच्या हिवाळ्यात एक विशेष अडचण येते. डिझेलमध्ये मेण विरघळलेले असते आणि गारठ्यात त्याचे स्फटिक होऊन फिल्टर बंद करतात. भारतीय मानकानुसार ज्या तापमानाला फिल्टर तुंबू लागतो त्याची कमाल मर्यादा हिवाळी डिझेलसाठी ६ अंश आणि उन्हाळी डिझेलसाठी १८ अंश आहे. प्रत्यक्ष डिझेल पुष्कळदा मर्यादेहून बरे असते. तरी जूनमध्ये भरलेली टाकी जानेवारीच्या धुक्यात, पारा पाच-सहा अंशांवर असताना, पहाटे अडून बसली तर नवल नाही. फिल्टरवर कोमट पाण्याचे फडके ठेवावे किंवा ऊन वर येऊ द्यावे. रॉकेल मिसळण्याचा मोह टाळावा, कारण इंजेक्शन पंपाला वंगण डिझेलमधूनच मिळते आणि रॉकेलने ते कमी होते.

जुलैत शेवटची पेटी रवाना झाली की, गाडी उभी करण्यापूर्वी एक सकाळ तिच्यासाठी काढावी. डिझेलची टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे पाणी साकळायला मोकळा पत्रा उरत नाही. पेट्रोलची टाकी शक्य तितकी रिकामी करून, नळी सोडवून, वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे. टाकी ते पंप यांमधील प्रत्येक रबरी तुकडा दोन बोटांत वाकवून पाहावा, आणि शंका आली तर बदलावा. नवी नळी इंधनासाठी बनविलेलीच घ्यावी, पाण्याची किंवा वाऱ्याची चालत नाही. आणि ती घेताना जुना तुकडा नमुन्यादाखल दुकानात नेऊ नये, कारण वर्षानुवर्षे इथेनॉल प्यालेला तो तुकडा फुगून मोठा झालेला असतो. ज्या धातूच्या नळीवर तो चढवायचा तिचा बाहेरचा व्यास मोजून न्यावा.